जुन्या फ्लॅटच्या भिंतीला पुट्टी: रंगाआधीची सगळी कामं, क्रमाने

दिवाळीला रंग दिला आणि पुढच्या पावसाळ्यात भिंतीचे पोपडे निघाले, की पेंटर म्हणतो पुट्टी खराब होती आणि दुकानदार म्हणतो पेंटर खराब होता. बहुतेक वेळा पुट्टी चांगलीच असते. ती ज्याच्यावर मारली तो जुना डिस्टेंपर किंवा सुटलेला नीरूच (प्लास्टरवरचा चुन्याचा गुळगुळीत थर) भिंत सोडून बसलेला असतो, आणि निघताना तो पुट्टीला, प्रायमरला आणि तुमच्या महागड्या रंगाला सोबत घेऊन निघतो. दोन हात, म्हणजे दोन थर, मिळून पुट्टी असते जेमतेम दीड मिलिमीटर, ती खालच्याला काय धरून ठेवणार.

हे सगळं सिमेंट प्लास्टरच्या भिंतींसाठी लिहितोय, म्हणजे पुण्यातल्या कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी वगैरे भागातल्या जुन्या सोसायट्या, जिथे प्लास्टरवर नीरू फिरवलेला असतो आणि त्यावर दर काही वर्षांनी चढवलेले रंगाचे थर. पेठेतल्या वाड्याची मातीची किंवा चुन्याची भिंत असेल तर यातलं काही करू नका, तिला सिमेंटची पुट्टी चालत नाही, ओल आत कोंडते. नवीन टॉवरमधल्या जिप्समच्या भिंतींचं पुढे वेगळं लिहिलंय.

आधी तारीख ठरवा, मग रंगाची शेड

गणपती गेले की सगळ्यांना घाई होते आणि सप्टेंबरच्या शेवटी खरवडायला सुरुवात होते. पाऊस नुकताच थांबलेला असतो, बाहेरच्या भिंतींनी चार महिने पाणी प्यायलेलं असतं, आणि आपण आतून पुट्टी लावून त्या पाण्याची वाट बंद करतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पुण्यात या कामाचा सगळ्यात चांगला काळ. दिवाळीच्या आधीच पाहिजे असेल तर ज्या भिंती दोन्ही बाजूंनी घराच्या आतच आहेत त्या करून घ्या आणि पश्चिमेच्या, नैऋत्येच्या भिंती नंतर करा, कारण पावसाचा मारा त्यांच्यावरच जास्त असतो. एप्रिल-मेमध्ये उलटा त्रास, भिंत इतकी तापलेली असते की पुट्टी पत्र्यावरून (पुट्टी ओढायच्या पात्यावरून) उतरायच्या आत सुकायला लागते. तेव्हा सकाळी लवकर काम काढायचं आणि पंखा बंद ठेवायचा, मग कितीही घाम येऊ दे.

आणि हो, वायरिंग, एसीचं भोक, पडद्याचे रॉड, बाथरूमचं प्लंबिंग, हे सगळं पुट्टीच्या आधी. "नंतर एक छोटंसं भोक पाडू" म्हणणारा माणूस प्रत्येक घरात असतो, त्याला आत्ताच विचारून घ्या कुठे पाडायचंय ते.

1. भिंत तपासणं

या टप्प्याला अर्धा दिवस द्या. पेंटर देणार नाही, कारण त्याचे पैसे चौरस फुटावर आहेत, त्यामुळे हे आपणच करायचं.

पहिलं, भिंत वाजवा. पत्र्याच्या मागच्या लाकडी मुठीने हातभर अंतरावर ठोकत जा. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ वाजलं तर तिथे खडूने गोल करा. खिडकीच्या खालचे कोपरे, बाथरूमला लागून असलेली भिंत, आणि वरचा मजला असेल तर छत आणि भिंतीचा जोड, इथे पोकळ निघायची शक्यता जास्त.

दुसरं, आधीचा रंग कोणता आहे ते शोधा. ओलं फडकं जोरात घासा, फडक्यावर रंग उतरला तर डिस्टेंपर किंवा चुना आहे आणि तो सगळा निघालाच पाहिजे. पाणी शिंपडल्यावर थेंब तसेच ओघळले तर ऑइल पेंट किंवा धुता येणारा इमल्शन आहे, त्यावर पुट्टी धरत नाही, त्याचं वेगळं करावं लागतं.

तिसरं, ओल. जिथे शंका आहे तिथे फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि 24 तास सोडा. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाणी जमलेलं दिसलं किंवा खालची भिंत गडद झालेली दिसली तर ती भिंत पुट्टीला तयार नाही.

थांबा: ओल सापडली तर काम तिथेच थांबवा. बाहेरच्या प्लास्टरची भेग, स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमधून मागे येणारं पाणी, वरच्याच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप (पाणी जायच्या जाळीखालचा भाग), गच्चीचं वॉटरप्रूफिंग, यातलं काहीतरी कारण असतं आणि ते तिथेच दुरुस्त करावं लागतं. पोत्यावर वॉटरप्रूफ लिहिलेली पुट्टी आतून लावून मागून येणारं पाणी थांबत नाही, ते फक्त दोन फूट बाजूला जाऊन बाहेर पडतं. बाहेरची भिंत सोसायटीची असते, त्यामुळे सेक्रेटरीला लेखी द्या, तोंडी सांगितलेलं कमिटी बदलली की विसरलं जातं.

2. खरवडणं

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि नेमकं इथेच सगळे काटछाट करतात. डिस्टेंपर असेल तर भिंतीवर पाणी मारा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, मग स्क्रॅपरने ओढा, कोरडा खरवडण्यापेक्षा निम्म्या कष्टात निघतो आणि धूळही कमी. पोकळ वाजलेल्या जागा मात्र छिन्नी-हातोडीने पक्क्या कडेपर्यंत काढायच्या, कडेला जे हाताने हलतंय ते ठेवायचं नाही, मग खड्डा मोठा झाला तरी चालेल.

घट्ट बसलेला जुना इमल्शन सगळा काढायची गरज नाही. 80 किंवा 100 नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासा, म्हणजे पुट्टीला धरायला जागा मिळते. ऑइल पेंटचं तसं नाही. स्वयंपाकघरात किंवा पॅसेजमध्ये कमरेपर्यंत ऑइल पेंटचा पट्टा मारायची पद्धत होती, तो पट्टा पूर्ण काढायचा, नुसता घासून भागत नाही.

थांबा: जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाखात 90 भागांच्या) आत ठेवायचा नियम आपल्याकडे 2016 मध्ये आला आणि लागू 2017 च्या नोव्हेंबरपासून झाला, त्यामुळे त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. पाणी मारून ओलाच खरवडा, एन-95 मास्क लावा, घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर त्यांना काही दिवस दुसरीकडे राहू द्या, आणि पडलेला चुरा झाडूने न उडवता ओल्या फडक्याने उचला.

भिंतीला लोणा लागला असेल, म्हणजे पांढरा भुसभुशीत खार फुटला असेल, तर तो कोरड्या ब्रशने झाडून काढा. पाण्याने धुतला तर खार विरघळून परत भिंतीत शिरतो. तसंही लोणा म्हणजे मागे ओल आहेच, पुन्हा पहिल्या टप्प्यावर जा.

राडारोडा पोत्यात भरून ठेवा. घंटागाडीवाले तो घेत नाहीत आणि जिन्याखाली ठेवला तर सोसायटीच्या ग्रुपवर तुमचा फोटो येतो, तेव्हा तो उचलायचं पेंटरशी आधीच ठरवून घ्या.

3. भेगा आणि खड्डे

केसासारख्या बारीक भेगांचं काही नसतं, त्या पुट्टीत बुजतात. नखाची कड आत जाते अशी भेग असेल तर तिला पत्र्याच्या टोकाने व्ही आकाराची खाच पाडायची, म्हणजे तोंड रुंद आणि आत अरुंद, ब्रशने धूळ काढायची, थोडं पाणी लावायचं आणि क्रॅक फिलर दाबून भरायचा. वरवर लिंपलेली भेग सहा महिन्यांत परत दिसते.

बीम आणि विटांची भिंत जिथे भेटते ती सरळ रेषेतली भेग वेगळी. काँक्रीट आणि वीट उन्हात सारखी प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे तो जोड कायम हलणार. नुसता फिलर भरून उपयोग नाही, भरल्यावर त्यावर दोन इंची फायबरची जाळीची टेप चिकटवा आणि टेपच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंच पुट्टी पसरत न्या, म्हणजे उंचवटा दिसत नाही. वायरिंगसाठी पाडलेल्या चरांवरही हीच टेप, आणि चर आधी सिमेंट-वाळूने भरलेला पाहिजे. पुट्टीने चर भरायचा प्रकार मी कितीतरी घरांत बघितलाय, महिनाभरात तिथे चराच्या आकाराची भेग पडते. अर्धा इंच खोल खड्डा असेल तर तोही सिमेंट-वाळूनेच, आणि नवीन प्लास्टरचा तुकडा मोठा असेल तर त्याला पाणी मारून नीट पिकू द्या, चार आठवडे धरून चला.

थांबा: भेग तिरकी असेल, खिडकीच्या कोपऱ्यातून निघून वाढत असेल किंवा तिच्यात एक रुपयाचं नाणं आडवं शिरत असेल तर पुट्टी विसरा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. वाढतेय का ते बघायला भेगेच्या टोकाला पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहून ठेवा.

4. सामान आणि हिशोब

रविवार पेठेत बोहरी आळीत सगळं मिळतं, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडेही मिळतं. पुट्टी दोन प्रकारची. व्हाइट सिमेंटची, जी पावडर असते आणि पाण्यात कालवायची, आणि ॲक्रिलिक, जी तयार पेस्ट असते. सिमेंटवाली पाण्याला टिकते, आतबाहेर चालते आणि घट्ट होते. ॲक्रिलिक फक्त आतल्या कोरड्या भिंतीला, घासायला सोपी पण ओल लागली की फुगते. जुन्या सोसायटीतल्या भिंतीला मी सिमेंटवालीच सांगतो, तेवढा घासायचा त्रास परवडतो.

किती लागेल ते कार्पेट एरियावरून काढू नका, भिंत मोजा. उदाहरणार्थ 10 बाय 12 ची खोली, उंची साडेनऊ फूट. भिंतींचा घेर 44 फूट, गुणिले साडेनऊ म्हणजे 418 चौरस फूट, दार-खिडकीचे 41 वजा केले की 377, त्यात छताचे 120 धरा, झाले 497. पोत्यावर लिहिलेलं कव्हरेज गुळगुळीत भिंतीचं असतं, आपल्या खरवडलेल्या भिंतीला दोन हातांसाठी 40 किलोचं एक पोतं साधारण 400 ते 500 चौरस फूट जातं, म्हणजे या खोलीला एक पोतं आणि वर पाच किलोची पिशवी. पोत्यावरची तारीख बघा, आणि हाताने दाबून गुठळ्या लागल्या तर परत करा.

बाकी लागेल ते म्हणजे एक मोठा आणि एक छोटा पत्रा, कोपऱ्यांसाठी लवचिक ब्लेड, पसरट घमेलं, 180, 220 आणि 320 नंबरचे पॉलिश पेपर, लाकडी ठोकळा, मास्क, हातमोजे, चष्मा. सिमेंटची पुट्टी अल्कलीवाली असते, उघड्या हाताने दिवसभर काम केलं तर कातडी फाटते.

5. पुट्टी कालवणं

पाणी आधी, पावडर नंतर. पाच किलो पावडरला 1.8 ते 2 लिटर पाणी, पोत्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते. पावडर थोडी थोडी सोडत दहा मिनिटं घोटा, मग दहा मिनिटं तसंच ठेवा आणि परत एकदा घोटा. मधली दहा मिनिटं फुकट वाटतात पण पावडरच्या आतल्या गुठळ्या तेव्हाच फुटतात. घट्ट श्रीखंडासारखी झाली पाहिजे, पत्रा उलटा केला तरी गळता कामा नये.

दोन-तीन तासांत संपेल एवढीच कालवा. घट्ट व्हायला लागलेल्या पुट्टीत परत पाणी ओतून ती सैल करणं ही साइटवरची नेहमीची सवय, आणि अशी पुट्टी नंतर खडूसारखी हाताला येते. पेंटर दुपारी जेवायला जाताना घमेल्यात काय ठेवून गेलाय ते बघत जा.

थांबा: घमेलं आणि पत्रे बाथरूमच्या नहाणीत धुवू नका. पुट्टी ट्रॅपमध्ये बसली की दगड होते. बादलीत धुवा, रात्रभर गाळ बसू द्या, वरचं पाणी ओता आणि गाळ राडारोड्यात टाका.

6. पहिला हात

आधी भिंतीवरची धूळ. खरवडून झालेली भिंत दिसायला स्वच्छ दिसते पण तळहात फिरवून बघा, पांढरा झाला तर अजून धूळ आहे. मऊ ब्रश, मग ओलसर फडकं. सिमेंट पुट्टीच्या आधी प्रायमर मारायची गरज नसते, बरेच पेंटर मारतात, पण सिमेंटला सिमेंट धरतं आणि मध्ये प्रायमरची फिल्म आली तर फायदा काहीच नाही. ॲक्रिलिक पुट्टी असेल तर मात्र आधी प्रायमर लागतोच.

भिंत हलकी ओली करा, पाणी ओघळायला नको, नुसती गडद दिसायला हवी. कोरडी भिंत पुट्टीतलं पाणी ओढून घेते आणि पुट्टी जमायच्या आत वाळते. छत आधी, भिंती नंतर. भिंतीवर पत्रा खालून वर ओढायचा, दाबून, पातळ. पहिला हात भिंत झाकायला नसतो, खड्डे भरायला असतो, त्यामुळे खालचं थोडं दिसलं तरी चालेल. जाड थर एकदम दिला की सुकताना त्याला जाळीसारख्या भेगा पडतात.

तपासा: तीन-चार तासांनी, पुट्टी पूर्ण पांढरी दिसायला लागल्यावर, कोरडा पत्रा हलक्या हाताने फिरवून वर आलेल्या रेघा आणि दाणे पाडून टाका. पॉलिश पेपर आत्ता नको.

7. दुसरा हात

पडलेली पावडर झाडा आणि भिंतीवर ओलसर स्पंज फिरवा. दोन हातांच्या मध्ये राहिलेली धूळ हे पुट्टी पापुद्र्यासारखी सुटण्याचं दुसरं मोठं कारण, पहिलं वर सांगितलंच. दुसरा हात आडवा ओढला तर पहिल्याच्या उभ्या रेघा भरतात. दोन्ही मिळून दीड मिलिमीटरच्या वर जाऊ नका, भिंत वाकडी असेल तर ती पुट्टीने सरळ होत नाही, ते प्लास्टरचं काम आहे, ओळंबा लावून वाद घालत बसू नका.

मग रात्रभर हात लावायचा नाही.

8. घासणं

दुसऱ्या दिवशीच घासा. सिमेंट पुट्टी जितकी जुनी तितकी कडक, आठवड्याने घासायला गेलात तर खांदे जातील. ठोकळ्याला पेपर गुंडाळा, बोटांनी धरून घासलं तर बोटांचे खळगे पडतात आणि ते रंग दिल्यावर दिसतात. 180 ने सुरुवात, मग 220, शेवटी 320. चकाकी असलेला रंग देणार असाल तर शेवटच्या पेपरवर जास्त वेळ द्या, मॅट रंग बरंच लपवतो.

संध्याकाळी खोलीतले दिवे बंद करून मोबाइलची टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरकी धरा. दिवसा सपाट वाटलेल्या भिंतीवरचा एकेक खड्डा सावली टाकतो. खडूने गोल नका करू आता, खडूचा रंग वर येतो, पेन्सिलने बारीक टिंब द्या. पेंटर समोर असताना हे करा, तो गेल्यावर फोटो पाठवून काही होत नाही.

तपासा: धूळ पुसल्यावर मास्किंग टेपचा वीतभर तुकडा घट्ट चिकटवा आणि झटक्यात ओढा. टेपवर नुसती धूळ आली तर परत पुसा. पुट्टीचा पापुद्रा आला तर तेवढा भाग खरवडून पुन्हा करायचा, प्रायमर मारून झाकायचा नाही.

9. प्रायमर आणि टचिंग

पाण्यात मिसळायचा वॉल प्रायमर, डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी. पेंटरचा हात इथे सैल सुटतो, दुधासारखा पातळ प्रायमर भराभर पसरतो आणि डबा वाचतो, पण त्यामुळे पुट्टी रंग असमान पिते आणि ठिगळं दिसतात. डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा. मारून झाला की रात्रभर सुकू द्या.

प्रायमरनंतर, आणि मग रंगाच्या पहिल्या हातानंतर, काही खड्डे दिसणारच. त्यांना पुट्टी लावा, सुकवा, 320 ने घासा, आणि तेवढ्या जागेवर परत प्रायमर लावा. हा शेवटचा तुकडा सगळे गाळतात. टचिंगवर थेट रंग दिला की उजेडात तिथे फिके डाग दिसतात आणि मग तिसरा, चौथा हात देत बसावं लागतं.

जिप्समच्या भिंतींसाठी

नवीन बिल्डिंगमध्ये आतून जिप्सम प्लास्टर असतं. नखाने ओरखडा उठतो, त्यावरून ओळखा. इथे क्रम वेगळा: पाणी मारायचं नाही, जिप्सम मऊ होतं. सिमेंट पुट्टी त्यावर नीट धरत नाही, तेव्हा धूळ पुसून प्रायमर, गरज असेल तिथेच ॲक्रिलिक पुट्टी, घासणं, परत प्रायमर. जिप्सम मुळातच गुळगुळीत असतं, सगळ्या भिंतीला दोन हात पुट्टी सांगणारा माणूस तुमचं बिल वाढवतोय. जुन्या फ्लॅटमध्ये पीओपीने बुजवलेल्या जागांनाही हेच लागू.

रंग झाल्यावर कपाट, सोफा लगेच भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. बाहेरच्या भिंतीला तर ती जागा कायमचीच ठेवा, कपाटामागे हवा खेळली नाही की पहिल्याच पावसाळ्यात तिथे काळी बुरशी धरते.